सुट्टी त्यांची, सहल आपली

प्रश्न

नमस्कार ताई,

आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, बारा आणि आठ वर्षांची दोन मुलं आणि माझ्या सासूबाई, २०२७ मध्ये पहिल्यांदाच परदेशी फिरायला निघतोय. नवऱ्याची रजा आणि मुलांची सुट्टी जुळवता जुळवता २६ एप्रिलच्या रात्री निघायचं आणि १० मे रोजी परतीचं विमान धरायचं असं ठरलं. २७ एप्रिलला सकाळी ॲमस्टरडॅमला उतरून तिथे दोन रात्री, मग पॅरिसला चार, स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला तीन आणि शेवटी म्युनिकला चार रात्री असा बेत आहे. लूव्ह्र संग्रहालय १ मे रोजी बघायचं आणि ल्युसर्नहून म्युनिकला ६ मे रोजी जायचं. हे ऐकून माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, त्या पंधरवड्यात तिकडे सुट्ट्याच सुट्ट्या. सगळं बंद मिळेल." मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये शोधलं तर डोकं आणखीनच फिरलं. एका राज्यात सुट्टी, तर शेजारच्या राज्यात नाही! नवरा म्हणतो, एवढी कटकट असेल तर युरोप राहू दे, याच तारखांना जपानला जाऊ. जाऊबाई बालीचं सुचवतायत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे ऐन वेळची धावपळ नको आहे. तारखा काही बदलता येणार नाहीत. काय करावं?

– गोंधळलेली एक वाचक

उत्तर

नमस्कार. युरोपचा बेत मोडू नका, तारखाही आहेत तशाच राहू द्या. फक्त तीन ठिकाणी थोडा बदल करा, तोही एखाद्या दिवसाचा. जपानचं म्हणाल, तर जपान सुंदरच आहे; पण नेमक्या याच तारखांना तिकडे जाऊ नका असं मी तुमच्या यजमानांना अगदी आग्रहाने सांगेन. का, ते पुढे येईलच.

"सगळं बंद मिळेल" हे तुमच्या मैत्रिणीचं वाक्य मला पटत नाही. सार्वजनिक सुट्टी सगळीकडे सारखीच असते असं त्यात धरून चाललंय. काही देशांत सुट्टी म्हणजे दुकानांना कुलूप आणि रस्ते मोकळे. काही देशांत दुकानं, उपाहारगृहं, देवळं सगळी उघडी, पण अख्खा देश एकाच वेळी घराबाहेर पडलेला, त्यामुळे गाडीत बसायला जागा नाही. अगदी मोजक्या ठिकाणी तर त्या दिवशी रस्त्यावर पाऊल टाकायचीही मुभा नसते. म्हणून लाल तारीख दिसली की घाबरून बेत रद्द करू नका. त्या दिवशी काय बंद असतं, काय चालू असतं आणि काय भरून वाहत असतं, हे तिन्ही वेगवेगळं शोधा. या तिन्हीची उत्तरं बहुतेक वेळा एकमेकांपासून अगदी निराळी निघतात.

आता तुमच्या बेताकडे येऊ.

२७ एप्रिल. तुम्ही उतरताय तो दिवस नेदरलँड्सचा राजदिन आहे, म्हणजे राजे विलेम-अलेक्झांडर यांचा वाढदिवस. हा दिवस रविवारी आला तर आदल्या दिवशी साजरा करतात. २०२७ मध्ये मंगळवार आहे, त्यामुळे तारीख तीच. राजांचा जन्म १९६७ चा, म्हणजे नेमकी साठावी वर्षगाठ तुमच्या वाट्याला येतेय. त्या दिवशी ॲमस्टरडॅमच्या मध्यभागात नारिंगी कपडे घातलेल्या माणसांचा महापूर असतो, कालव्यांमध्ये नावाला नाव चिकटलेली असते आणि मधल्या भागात ट्राम धावत नाहीत. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर पाच माणसांच्या बॅगा ओढत, दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाईंना घेऊन त्या गर्दीतून कालव्याकाठचं हॉटेल शोधायचं, हे चित्र मला नको वाटतं. तुमच्या अख्ख्या बेतातली हीच जागा मला सगळ्यात काळजीची वाटली.

पण म्हणून राजदिन चुकवू नका. हॉटेल तेवढं कालव्यांच्या पट्ट्याबाहेर घ्या. ॲमस्टरडॅम झाउड स्थानकाच्या आसपास मिळालं तर उत्तमच, कारण स्किपोल विमानतळावरून तिथे थेट गाडी आहे, दहा मिनिटंही लागत नाहीत आणि शहराच्या मध्यातून जावंच लागत नाही. खोल्या मात्र लवकर धरा, कारण त्या रात्रीसाठी सगळं शहर आधीच भरतं. बॅगा टाका, सासूबाईंना दुपारी आराम करू द्या आणि तुम्ही मुलांना घेऊन फोंडलपार्कला जा. एरवी तिथे रस्त्यावर काही विकायचं तर परवाना लागतो, राजदिनी लागत नाही. या बागेत तो बाजार मुलांचाच असतो. तुमच्या धाकट्याच्या वयाची पोरं गवतावर चादर अंथरून लहान झालेले बूट, जुनी कोडी, चाक निघालेली मोटार असं काहीबाही मांडून बसतात. कुणी पुढ्यात डबा ठेवून व्हायोलिन वाजवतं, कुणी घरी केलेला केक विकतं आणि गिऱ्हाईक आलं की गंभीर चेहऱ्याने भाव सांगतं. थोडी नाणी जवळ ठेवा. तुमच्या मुलांना तिथे भाषेची अडचण येणार नाही. आणि कुणाला संग्रहालयातच जायचं असेल, तर राइक्सम्युझियम वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं, त्याला राजदिनही अपवाद नाही.

पॅरिसमध्ये गोष्ट उलटी आहे. लूव्ह्र वर्षातून जे तीन सणाचे दिवस बंद असतं, ते म्हणजे १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर. म्हणजे तुम्ही नेमका बंदचाच दिवस निवडलाय. व्हर्सायचा राजवाडा आणि ओर्से संग्रहालयही १ मे रोजी बंद असतं. फ्रान्समध्ये बाकीच्या सुट्ट्यांना मालक-कामगारांच्या करारांप्रमाणे पुष्कळ ठिकाणी काम चालतं. १ मे हा एकच दिवस असा, की त्या दिवशी भरपगारी सुट्टी देणं कायद्यानेच सक्तीचं आहे. रुग्णालयं, वाहतूक अशा थांबवता न येणाऱ्या कामांना तेवढी सूट. त्यामुळे १४ जुलैचा राष्ट्रीय दिन परदेशी पाहुण्याला जड जात नाही, पण १ मे जातो.

इलाज सोपा आहे. २९ एप्रिलला गुरुवारी तुम्ही पॅरिसला पोचाल, तर लूव्ह्र शुक्रवारी, ३० एप्रिलला ठेवा. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं, त्यामुळे सासूबाईंना सकाळी उशिरा निघून, मधे बसून, सावकाश बघता येईल. वेळेचं तिकीट आधीच काढून ठेवा. रविवारी, २ मे रोजी व्हर्साय. ते सोमवारी उरकू असं चुकूनही ठरवू नका, सोमवारी तो राजवाडा बंद असतो. लूव्ह्र मंगळवारी बंद असतं आणि ओर्से सोमवारी. हे साप्ताहिक बंदचे दिवस लोक विसरतात आणि सणांच्या सुट्टीच्या मागे लागतात. प्रत्यक्षात दारावरून परत फिरलेली माणसं साप्ताहिक बंदचीच जास्त भेटतील.

मग १ मेला काय करायचं? तो दिवस उघड्यावर काढा. सेन नदीकाठी फिरा, लक्झेंबर्ग बागेत मुलांना खेळू द्या, आयफेल टॉवरही उघडा असतो. शहरभर कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं बादलीत पांढऱ्या, घंटेच्या आकाराच्या म्युगे फुलांच्या जुड्या घेऊन उभी दिसतील. त्या दिवशी एकमेकांना ही फुलं द्यायची रीत आहे आणि एरवी फुलांचा धंदा न करणाऱ्यांनाही ती रस्त्यावर विकू देतात. एक जुडी सासूबाईंसाठी घ्याच. मेट्रो चालू असते; फक्त दुपारी कामगार संघटनांचे मोठे मोर्चे निघतात आणि त्यांच्या वाटेवरची स्थानकं तेवढ्यापुरती बंद ठेवतात, म्हणून मोर्चाचा मार्ग आदल्या दिवशी बघून ठेवा. खाण्यापिण्याचं थोडं सामान शुक्रवारीच आणून ठेवलेलं बरं.

आता ६ मे. हा येशू ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा गुरुवार. ईस्टरनंतर एकोणचाळिसाव्या दिवशी येतो, म्हणून दर वर्षी त्याची तारीख बदलते. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला, म्हणून हा ६ मेला. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स या सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. गुरुवारची सुट्टी असल्याने लोक शुक्रवारची एक रजा टाकतात आणि सलग चार दिवस मोकळे करून घेतात. फ्रेंच याला पूल बांधणं म्हणतात. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी आणि गुरुवारी सकाळी गाड्या आणि महामार्ग खचाखच भरलेले, रविवारी संध्याकाळी परतीची तशीच गर्दी. जर्मनीत हाच दिवस पितृदिन म्हणूनही पाळतात आणि पुरुषांचे घोळके ढकलगाडीत बिअर घालून सहलीला निघतात, तेही याच गाड्यांमधून. तुमचा म्युनिकचा प्रवास नेमका त्या सकाळी आहे.

तो शुक्रवारी, ७ मेला सकाळी करा. ज्यांना जायचं ते तोवर गेलेले असतात आणि परतणारे अजून निघालेले नसतात. पुलाची खरी गर्दी त्याच्या दोन्ही टोकांना असते, मधला दिवस त्या मानाने निवांत जातो. सुट्टी कुठलीही असो, मी आधी तिचा आदला दिवस आणि शेवटची संध्याकाळ बघते, प्रत्यक्ष सुट्टीचा दिवस नंतर. ल्युसर्नहून आधी झ्युरिकला या; तिथून म्युनिकला थेट गाडीने साडेतीन-चार तास लागतात. जर्मन रेल्वेत तिकीट आणि बसायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात असू द्या. नुसतं तिकीट काढलं आणि जागा राखून ठेवली नाही, तर उभ्याने जायची पाळी येते. पाचही जागा राखून घ्या.

गुरुवार तुम्ही ल्युसर्नलाच काढाल. दुकानं बंद असतील, मोठ्या स्थानकातली तेवढी उघडी. पण तलावातल्या बोटी आणि डोंगरावरच्या दातेरी रुळांच्या गाड्या सुट्टीच्या दिवशीही चालतात. बोटीने तासाभरात फिट्सनाउ गाठायचं आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीने रीगी डोंगराच्या माथ्याजवळ. युरोपातली ही पहिली पर्वतीय रेल्वे, १८७१ पासून चालू आहे. सासूबाईंना चढण जवळजवळ लागणारच नाही आणि हिमशिखरांची अख्खी रांग बाकावर बसून दिसेल. ऊन पडलं तर स्थानिक लोकही तिकडेच येणार, म्हणून सकाळची पहिली बोट धरा. इथे आणखी एका सुट्टीचं सांगायला हवं, जी कुठल्याच कॅलेंडरमध्ये नसते. हिवाळी हंगाम संपला की उन्हाळी हंगामाच्या आधी, म्हणजे एप्रिल-मेमध्येच, स्वित्झर्लंडमधले बरेच रोपवे दुरुस्तीसाठी काही दिवस बंद ठेवतात. ज्या डोंगरावर जायचं असेल त्याच्या संकेतस्थळावर तुमची तारीख टाकून बघा.

म्युनिकला शनिवार ८ मे हा नेहमीसारखा दिवस असेल. महायुद्ध संपल्याची सुट्टी त्या दिवशी फ्रान्सला असते, म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाला नाही. पण रविवारी जर्मनीतली जवळपास सगळी दुकानं बंद असतात, सण असो वा नसो, आणि बव्हेरियात ती शनिवारी रात्री आठलाच बंद होतात. दूध, फळं, सासूबाईंची एखादी गोळी, जे लागेल ते शनिवारी संध्याकाळीच आणा. रविवारी आल्टे पिनाकोथेक हे थोर चित्रसंग्रहालय मात्र उघडं असतं आणि एरवीच्या तिकिटाऐवजी तिथे १ युरो घेतात. त्याच रविवारी, मे महिन्यातला दुसरा रविवार म्हणून, तिथे मातृदिन आहे. ही सरकारी सुट्टी नाही, त्यामुळे सुट्ट्यांच्या यादीत तुम्हाला ती सापडणार नाही. पण सगळी कुटुंबं आईला घेऊन बाहेर जेवायला जातात आणि दुपारी चांगल्या उपाहारगृहात टेबल मिळत नाही. आठवडाभर आधी टेबल सांगून ठेवा. तुमच्याबरोबरही एक आई आहेच.

राज्याराज्यातल्या फरकाने तुम्ही गोंधळलात, त्यात तुमची चूक नाही. मोबाईलचं कॅलेंडर देशाच्या नावाने सुट्ट्या दाखवतं, पण बऱ्याच देशांत सुट्टी ठरवणारा देश नसतोच. जर्मनीत देशभर सामाईक अशा फक्त ९ सुट्ट्या, बाकीच्या राज्यं ठरवतात; म्हणून बर्लिनला १०, तर बव्हेरियाला १३. बव्हेरियातही १५ ऑगस्टची सुट्टी फक्त कॅथलिक बहुसंख्य असलेल्या गावांना. आणि आउग्सबुर्ग या एकाच शहराला ८ ऑगस्टला शांतता उत्सवाची सुट्टी, अगदी शेजारच्या गावाला नाही. स्वित्झर्लंडमध्ये संघराज्याच्या कायद्याने ठरलेली सुट्टी एकच, १ ऑगस्ट. बाकी सगळं कँटनवर, म्हणजे तिथल्या राज्यांवर. १ मेला झ्युरिकला सुट्टी, तासाभरावरच्या ल्युसर्नला नाही. २७ मेला ख्रिस्तदेहाच्या सणाची ल्युसर्नला सुट्टी, झ्युरिकला नाही. याचं मूळ सोळाव्या शतकात आहे. धर्मसुधारणेनंतर काही प्रदेश कॅथलिक राहिले, काही प्रोटेस्टंट झाले. संतांचे आणि मेरीचे सण कॅथलिकांनी ठेवले, प्रोटेस्टंटांनी सोडले. ती रेघ आजही सुट्ट्यांच्या यादीत दिसते.

स्पेनमध्ये वर्षाला जास्तीत जास्त १४ सुट्ट्या, त्यातल्या २ प्रत्येक नगरपालिका आपल्या मर्जीने ठरवते. बार्सिलोना २४ सप्टेंबरला संरक्षक देवतेच्या उत्सवात बुडालेलं असतं तेव्हा माद्रिदची कचेरी नेहमीसारखी चालू असते. इटलीत हेच शहराच्या संताच्या नावाने चालतं: फ्लोरेन्सचा २४ जून, रोमचा २९ जून, मिलानचा ७ डिसेंबर. त्यामुळे "जर्मनीतल्या सुट्ट्या" असं शोधू नका. ज्या रात्री ज्या गावात झोपणार, त्या गावाचं आणि राज्याचं नाव घालून शोधा. मग जे बघायचं असेल त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या तारखेची वेळ बघा आणि रेल्वेचं वेळापत्रकही नेमकी तारीख टाकून. युरोपातल्या रेल्वेंची वेळापत्रकं दर डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी बदलतात, तेव्हा १३ डिसेंबर २०२६ नंतर सगळं एकदा पुन्हा तपासा.

आणखी एक बारकावा. शनिवार-रविवारी आलेली सुट्टी काही देश भरून देतात, काही देत नाहीत. फ्रान्स देत नाही, म्हणून २०२७ चा १ मे शनिवारी येऊनही ३ तारखेचा सोमवार तिथे कामाचाच. ब्रिटन भरून देतं. २०२७ चा नाताळ शनिवारी आहे, तर तिथे २७ आणि २८ डिसेंबर असे दोन बदली दिवस मिळतील. जपान फक्त रविवारची सुट्टी भरून देतं, शनिवारची नाही.

जपानचा विषय निघालाच आहे, तर यजमानांना हे वाचून दाखवा. २९ एप्रिल शोवा दिन, ३ मे संविधान दिन, ४ मे हरित दिन, ५ मे बालदिन. २०२७ मध्ये २९ एप्रिल गुरुवारी आणि ३ ते ५ मे सोमवार ते बुधवार आहेत. शुक्रवारची एकच रजा टाकली की शनिवार-रविवार धरून सलग सात दिवस मोकळे. यालाच तिथे गोल्डन वीक म्हणतात. फारसं काही बंद नसतं, उलट सगळं उघडं. पण सगळा जपान प्रवासात असतो. तोक्यो-क्योतो मार्गावरच्या नोझोमी या अतिवेगवान गाड्यांमध्ये या गर्दीच्या काळात आरक्षण नसलेले डबेच ठेवत नाहीत. आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला खुलं होतं. क्योतोत देवळांकडे जाणाऱ्या बसला रांगा, डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या सराया कधीच्याच भरलेल्या. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या, बरोबर वडीलधारं माणूस असलेल्या कुटुंबाने हे अंगावर घेऊ नये. जपानला कधीतरी ६ मेनंतर निघा. मेचा उरलेला महिना तिथे फार सुखाचा असतो, हवा छान आणि पावसाळा सुरू व्हायला अवकाश. तोक्योतही एक बारकी गोष्ट लक्षात ठेवा: तिथली पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण सोमवारी सरकारी सुट्टी आली तर सोमवारी उघडी राहून मंगळवारी बंद होतात.

जाऊबाईंच्या बालीला तुमच्या तारखांना अडचण नाही, आणि त्यांची आवड असेल तर पुढे नक्की जा. फक्त न्येपीची तारीख आधी बघा. शक कालगणनेचं हे नववर्ष बहुधा मार्चमध्ये येतं. २०२६ मध्ये ते १९ मार्चला होतं. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत बेटावर कुणीही रस्त्यावर यायचं नाही, पर्यटकांनीसुद्धा हॉटेलच्या आवारातच राहायचं, दिवे मंद ठेवायचे. आंतरराष्ट्रीय विमानतळही चोवीस तास बंद. ज्याचं परतीचं विमान त्या दिवशी असतं त्याची फार ओढाताण होते. पण ज्याने मुद्दाम तो दिवस हॉटेलात वाचत, झोपत, रात्री तारे बघत काढायचा ठरवला, त्याला असा दिवस दुसरीकडे मिळणार नाही. आदल्या संध्याकाळी गावोगाव राक्षसांच्या प्रचंड प्रतिमांच्या मिरवणुका निघतात, त्या लहान मुलांना दाखवण्यासारख्या आहेत.

ईदसारख्या चंद्रावर ठरणाऱ्या सणांचं थोडक्यात सांगते. ते दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात, आणि पुष्कळ देशांत चंद्र दिसल्यावरच सुट्टी पक्की होते. म्हणून कॅलेंडरमधल्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे एक दिवस मोकळा ठेवा, त्यावर विमान किंवा महत्त्वाचं तिकीट ठेवू नका. इस्तंबूलचा झाकलेला मोठा बाजार या सणांना बंद असतो, तोच बघायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शेवटी व्हिसा. इथे सुट्ट्या दोन बाजूंनी आड येतात. दूतावास स्वतःच्या देशाच्या सुट्टीला बंद असतो आणि ज्या देशात आहे तिथल्या सुट्टीलाही. त्याची वर्षाची यादी त्याच्या संकेतस्थळावर असते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे तुमच्या बेतातल्या चारही देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, म्हणजे तुम्हाला ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीपासून. निर्णयाला नेहमी १५ दिवस धरतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. नाताळ ते नववर्ष आणि २६ ते २९ मार्च हे ईस्टरचे चार दिवस वाया जाणार असं समजा. नोव्हेंबरात अर्ज केलात तर उत्तम, नाहीतर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चवर ढकलू नका.

पण अपॉइंटमेंट घेण्याआधी रात्री मोजा. अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम त्याच्याकडे करायचा असतो. तुमच्या मूळ बेतात फ्रान्स आणि जर्मनीच्या चार-चार रात्री होत्या. मी सुचवलेल्या बदलाने नेदरलँड्सच्या २, फ्रान्सच्या ४, स्वित्झर्लंडच्या ४ आणि जर्मनीच्या ३ होतात. म्हणजे दोन्ही वेळा बरोबरी. अशी बरोबरी झाली आणि मुख्य मुक्काम ठरवता आला नाही, तर ज्या देशातून तुम्ही शेंगेनमध्ये शिरता त्याच्याकडे, म्हणजे नेदरलँड्सकडे अर्ज जातो. हेच जर ॲमस्टरडॅमची एक रात्र कमी करून पॅरिसला दिली, तर फ्रान्सच्या ५ होतील आणि अर्ज फ्रान्सकडे. एका रात्रीने खिडकी बदलते, त्यामुळे आधी घरात बसून हे पक्कं करा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. ॲमस्टरडॅमची खोली सगळ्यात आधी, कारण २७ एप्रिलची रात्र कुणासाठी थांबणार नाही.